मेश वायफायची गती मोजतो, उशीर कोण मोजणार?

संपादक महोदय,

गृहनिर्माण संस्थांमध्ये मेश वायफाय (एकमेकांना बिनतारी जोडून डेटा पुढे पोचवणारी अनेक उपकरणे) बसवताना चौकशी होते ती एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो याची. डेटाचे पॅकेट (छोटा तुकडा) पोचायला किती मिलिसेकंद लागतात, हे क्वचितच विचारले जाते. व्हिडिओ कॉल अडखळतो तो मात्र बहुधा या उशिरामुळेच.

एकच रेडिओ एकाच वाहिनीवर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, शिवाय शेजारचे उपकरण बोलत असताना त्याला थांबावे लागते, त्यामुळे प्रत्येक टप्प्यागणिक, म्हणजे एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाताना, विलंब साचत जातो. म्हणून कमी टप्प्यांचा मार्गच चांगला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण लांबच्या, क्षीण दुव्यावर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते आणि वाचलेला टप्पा महागात पडतो. एमआयटीच्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेले ‘ईटीएक्स’ हे माप म्हणूनच टप्पे न मोजता, पॅकेट यशस्वीपणे पोचवण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावे लागेल याचा अंदाज घेते.

दुसरे कारण उपकरणातील रांगेचे. मोठा बफर (पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा) हा गुण म्हणून विकला जातो (विक्रेत्यांना आकडा मोठाच हवा असतो), पण भरलेल्या बफरमध्ये पॅकेट ताटकळते. ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग आवरणारी पद्धत २०१८ पासून आरएफसी ८२९० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध आहे आणि लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत मोफत उपलब्ध आहे.

भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्येच परवानामुक्त झाले आहेत, म्हणजे वेगळ्या वाहिनीला जागा आहे. तेव्हा संस्थांनी निविदेतच, उपकरणांच्या आपसांतील दुव्यासाठी स्वतंत्र रेडिओ आणि भर वापराच्या वेळी मोजलेला विलंब, या दोन अटी घालाव्यात.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे