फौजदाराशी कसं वागायचं

हॅलिफॅक्सजवळ, यॉर्कशायर
मार्चअखेर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, व्हिसा आला, आता बॅगा तेवढ्या भरायच्या राहिल्यात. त्याआधी कोंबड्यांचं एकदा नीट लिहून पाठवते, कारण व्हिडिओ कॉलवर हा विषय काही पुरा होत नाही. मी सांगायला लागले की बाबा म्हणतात, "एक लाथ घाल त्याच्या पेकाटात." आई म्हणते, "त्यापेक्षा वाटप लाव आणि शिजव." आणि तेवढ्यात तुमच्याकडे दारावर कोणीतरी येतं. मे महिन्याच्या शेवटी तुम्ही इथे याल तेव्हा आम्ही दोघं कामावर आणि पोरगी शाळेत. म्हणजे सकाळपासून दुपारी साडेतीनपर्यंत परसात तुम्ही दोघं आणि फौजदार.

फौजदार म्हणजे थोरला कोंबडा. लाइट ससेक्स जातीचा, पांढराशुभ्र, मानेवर काळ्या रेघा आणि काळी शेपटी. वजन चार किलोच्या आसपास. भांडुपला टेंभीपाड्याच्या चाळीत आजीकडे जे गावठी कोंबडे होते, त्यातले दोन याच्यात मावतील. धाकटा शिपाई, तो याचाच मुलगा. गेल्या वर्षी आमची गोदा कोंबडी खुडूक बसली, खोक्यातून उठेना, बाहेर काढली तर अंग फुगवून चोच मारायची. शेवटी तिच्याखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी पिलं निघाली आणि मोठी झाल्यावर कळलं की निम्मे कोंबडे. घरी उबवलं की हे असंच होणार. आता सात कोंबड्यांना दोन नर म्हणजे फारच झाले, दहाएक माद्यांना एक पुरतो. म्हणून शिपायाला वेगळ्या जाळीत ठेवलाय आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने त्याला न्यायचं कबूल केलंय. बाकीचे नर कुठे गेले ते आई, तू विचारू नकोस, तुला आवडेल असंच उत्तर आहे.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे बाबांचं म्हणणं अगदी बरोबर. तरी हा ठेवलाय, कारण तो दिवसभर पहारा देतो. आजीच्या कोंबड्यांना धास्ती होती नॅशनल पार्कातून उतरणाऱ्या बिबट्याची. इथे खाली कोल्हा आणि वर बाज. गंमत अशी की दोघांसाठी फौजदाराच्या हाका वेगळ्या. वरून काही आलं तर बारीक, लांबट, एकसुरी आवाज काढतो आणि सगळ्याजणी झुडपाखाली सरतात, असतील तिथे थिजतात. जमिनीवरून काही आलं तर मान ताठ करून मोठ्याने कॉक-कॉक-कॉक सुरू करतो आणि थांबतच नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासतानाही आता ओळखते की मान वर करून बघायचं की काठी घेऊन धावायचं.

खाणं सापडलं की त्याचं वागणं बघण्यासारखं असतं. गांडूळ दिसलं की चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, टुक-टुक-टुक करत राहतो. माद्या धावत येतात, एखादी ते उचलून गिळते आणि हा नुसता उभा. स्वतः खात नाही. (कधीकधी मात्र काहीच सापडलेलं नसतं, नुसता खडा दाखवून बोलावतो. तांबडीला हे कळलंय, ती ढिम्म हलत नाही.)

आता मुद्द्याचं. हा माणसांवर येतो. सगळ्यांवर नाही, आणि उगाच तर नाहीच. कोंबडा पाच-सहा महिन्यांचा झाला, अंगात मद आला की कळपात आपल्यावर कोण आणि खाली कोण हे तो तपासून बघायला लागतो. त्या यादीत त्याच्या लेखी माणसंही असतात. पिलू असताना ज्याला मांडीवर घेऊन खेळवलंय तो नर मोठेपणी जास्त शिरजोर होतो, असं इथले कोंबड्या पाळणारे सांगतात, कारण त्याला माणसाची भीडच राहत नाही.

अंगावर यायच्या आधी तो सांगतो, हे लक्षात ठेवा. एक पंख खाली पाडतो, जमिनीला घासत तिरका तिरका चालतो, तुमच्याभोवती अर्धं रिंगण काढतो. मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात. मध्येच खाली काही नसताना जमिनीवर चोच मारतो. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं, पण होतंच. ते दिसलं की पळायचं नाही. पळालात तर तो जिंकला आणि उद्या दारातच उभा राहील. बाबा, लाथही घालायची नाही. लाथ म्हणजे त्याच्या हिशेबाने कुस्तीला होकार. तो दुप्पट जोराने येतो, आणि त्याच्या पायामागचा काटा दीड इंचाचा आहे. टोक आम्ही कानशीने घासून बोथट केलंय. त्याहून जास्त घासता येत नाही, आत जिवंत भाग असतो, रक्त येतं. तेव्हा जागेवर उभं राहायचं, बादली गुडघ्यांसमोर धरायची आणि सावकाश त्याच्याच दिशेने चालायचं, जणू तो तिथे नाहीच. तो बाजूला सरकतो. सरकला की आपण आपल्या कामाला लागायचं, पाठलाग करायचा नाही. त्यालाही मान राखून बाजूला होता आलं पाहिजे.

बाकी पथ्यं साधी आहेत. तो आणि त्याच्या माद्या यांच्या मधून जायचं नाही. त्याच्यादेखत कोंबडी उचलायची नाही, ती ओरडली की तो आलाच. अंडी काढायला वाकताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. दाणे घेऊन जाल तेव्हा मूठभर आधी त्याच्या पुढ्यात टाका. तो माद्यांना बोलवायच्या कामाला लागतो आणि तेवढ्यात तुमचं काम उरकतं. ही शेवटची युक्ती आईला आपोआप जमेल. तिने आयुष्यभर आत्याला असंच सांभाळलंय.

फारच अंगावर आला तर तुमचे जावई त्याला उचलतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत धरायचा, पाय हातात, आणि दहा मिनिटं त्याच्याच माद्यांसमोरून परसातून फिरवायचा. सुरुवातीला धडपडतो, मग मान खाली घालून गप्प बसतो. खाली ठेवल्यावर पिसं झटकतो, एकदा आरवतो आणि दोन-चार दिवस शहाण्यासारखा वागतो. हे तुम्ही मात्र करू नका, बाबा, तुमच्या खांद्याचं दुखणं मला माहीत आहे. आणि सकाळी लुंगीवर अंगणात जायची जी सवय आहे, ती इथे चालणार नाही. उघडी पोटरी दिसली की त्याला राहवत नाही. गमबूट घालायचे.

आरवण्याचं सांगते. आपल्याकडे उजाडायची वेळ वर्षभरात तासाभराने फार तर सव्वा तासाने पुढेमागे होते. इथे डिसेंबरात सकाळी सव्वाआठपर्यंत अंधार आणि जूनमध्ये साडेचारलाच लख्ख. फौजदार तर त्याच्याही आधी सुरू होतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडे अखंड मंद उजेडात ठेवले तरी स्वतःच्या अंगातल्या घड्याळावर आरवतात. त्यांनीच पुढे हेही दाखवलं की कळपातला वरचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, मानाच्या क्रमाने. आमच्याकडे तंतोतंत तेच आहे. शिपाई जागा असतो, जाळीत येरझाऱ्या घालतो, पण बापाची पहिली बांग होईपर्यंत त्याच्या तोंडातून आवाज निघत नाही. शेजारच्या आजीबाईंनी तक्रार केली तर कौन्सिल आवाजाबद्दल नोटीस काढू शकतं, म्हणून खुराड्याच्या फटी बुजवून आत काळोख केलाय आणि दार सातला उघडतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे खरं, पण निदान आवाज अर्ध्यावर येतो. आजीबाईंना दर आठवड्याला सहा अंडी जातात, तीही कामी येतात.

माद्यांचं फार काही नाही. ऊन पडलं की सगळ्या कुंपणाकडेच्या खड्ड्यात धुळीत लोळतात, पाय वर करून, डोळे अर्धवट मिटून. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मेल्याच. घाबरू नका, पिसवा आणि गोचिडी झाडण्याची त्यांची ती आंघोळ. थंडीत अंडी जवळपास बंद असतात, दिवस चौदा तासांचा झाला की पुन्हा धरतात, म्हणजे तुम्ही याल तेव्हा रोजची पाच-सहा नक्की. गोदा आणि ठमी यांच्या पाठीवरची पिसं फौजदाराच्या नखांनी गेलीत, म्हणून त्यांना जुन्या जीन्सच्या झुली शिवल्यात, पंखांखालून इलॅस्टिक घेऊन. माझी शिलाई बघून तू हसशील. तांबडीचे पाय मात्र बघ, हळदीसारखे पिवळे आहेत. हा पिवळेपणा पाळीव कोंबड्यांत आला तो आपल्याकडच्या राखाडी रानकोंबड्यामुळे, तोच जो सह्याद्रीत असतो. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून हे सांगितलं. म्हणजे तांबडी माहेरकडून आपलीच.

आई, तुला एक गोष्ट जड जाईल. उरलेला भात, पोळीचा तुकडा, भाजीची सालंसुद्धा कोंबड्यांना घालायची नाहीत. इथे तो गुन्हा आहे. स्वयंपाकघरातून गेलेलं काहीच त्यांना चालत नाही, फक्त ज्या घरात दूध, अंडी, मांस काहीच येत नाही अशा पूर्ण व्हेगन घराला सूट. २००१ मध्ये इथे जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली, ती डुकरांना न उकळलेलं खरकटं घातल्यामुळे सुरू झाल्याचं निघालं, तेव्हापासून कायदा कडक. मेथी किंवा पालक परसातून तोडून थेट घाल, ते चालतं. चिमूट चिमूट भात मात्र कोणी बघत नाहीये म्हणूनही नको. इंग्लंडात २०२४ च्या ऑक्टोबरपासून घरची एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद लागते, आणि आपली नोंद आहे. बर्ड फ्लूसाठी आहे ते. बाबांना २००६ चं नवापूर आठवत असेल, मुंबईत चिकनकडे कोणी बघत नव्हतं. इथे २०२२ च्या नोव्हेंबरापासून पुढच्या एप्रिलपर्यंत अख्ख्या देशातल्या कोंबड्या सक्तीने छपराखाली होत्या.

आणि राहिली तुझी शिजवायची सूचना. गावी राखणीला कोंबडा देतात, तसा हा कुणाला द्यायचा नाहीये. गेल्या हिवाळ्यात भरदुपारी कोल्हा कुंपणाच्या आत आला होता. मी धावत बाहेर गेले तेव्हा सगळ्या माद्या खुराड्यात आणि हा एकटा दारात, छातीची पिसं उपटलेली, तुरा रक्ताळलेला. कोल्हा मला बघून गेला. त्यामुळे सागोती करू, वडेही करू, पण कोंबडी दुकानातली.

बॅगेत पेढे, बर्फी, तूप काही भरू नका, दुधाचं आणि मांसाचं इथे विमानतळावर काढून घेतात. मालवणी मसाला, कोकम आणि कुळीथाचं पीठ हवं तेवढं आणा. आई, जाड सुती कापडाचे दोन-तीन तुकडे आणि रुंद इलॅस्टिक घेऊन ये, झुली तूच शिव. बाबा, गमबुटांचा नंबर कळवा, आठ की नऊ? शनिवारी दुकानात जाणार आहे.

तुमची लेक