सहा मार्चला ये

शहापूर, बेळगाव
१६ जानेवारी

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तुझा फोन आला, तेव्हापासून मनाला रुखरुख लागून राहिली आहे. तू म्हणालास, "रविवारी पोरांना घेऊन येतो, नवा साप बघतो, तिळगूळही होईल." मी म्हणालो, "आत्ता नको." पलीकडे तू एकदम गप्प झालास. मी तेव्हा शॉपवर होतो, लेथ चालू होते, धड बोलताही आलं नाही. तीस वर्षांत मी तुला घरी येऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणून बसून हे लिहितोय. सगळं वाच आणि मग राग धर की सोड.

आज त्या नव्या सापाचा माझ्याकडे एकेचाळिसावा दिवस. नव्वद दिवस मी त्याला सगळ्यांपासून वेगळा ठेवतोय. ७ डिसेंबरला मी त्याला पुण्याहून आणला. तिथल्या एका ओळखीच्या माणसाची बदली झाली, त्याला ठेवणं जमेना. बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, नर, दीड वर्षाचा. कागदपत्रं आधी बघितली, साप नंतर. तुला माहीतच आहे, आपल्याकडचा नाग, धामण, अजगर, मांडूळ यातलं काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मांडुळाच्या नावाने आपल्या भागात गुप्तधनाच्या काय काय थापा चालतात, आणि त्या बिचाऱ्या जिवाचे काय हाल होतात, हे तूही बघितलंयस. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. तो साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून आता त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, आणि हातबदल झाला तर तोही कळवावा लागतो. ते काम मी पहिल्याच आठवड्यात केलं. तुझ्या घरच्या सापाची, काजूची, नोंद झाली नसेल तर आधी ती कर, बाकी सगळं नंतर.

येताना सुती पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून, ती पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात ठेवली होती. डबा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, एसी बंद ठेवला. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडताना करोनातले दिवस आठवले. महाराष्ट्रातून येणाऱ्याला रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढे सोडत नव्हते, आणि तू निपाणीत राहून सासुरवाडीला कागलला जाऊ शकत नव्हतास. तेव्हा आपण किती चिडलो होतो. पण धडधाकट दिसणारा माणूसही आजार घेऊन फिरतो, हे तेव्हाच आपल्या डोक्यात पक्कं बसलं. सापाचं अगदी तसंच आहे.

माझ्याकडच्या जुन्या सापाच्या, चंपाच्या वेळी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून तिला जोडी म्हणून दुसरा साप आणला. दिसायला देखणा, अंगावर चमक. रात्री उशीर झाला होता म्हणून त्याचा टब चंपाच्या टबाशेजारीच, त्याच फळीवर ठेवला. चिमटा एकच, पाण्याचं भांडं धुवायचा ब्रशही एकच. चंपाला तेव्हा मी वर्तमानपत्रावर ठेवत होतो. तीन आठवड्यांनी ती पाण्याच्या भांड्यात जाऊन बसायला लागली. दिवसभर, रात्रभर, वेटोळं करून, फक्त नाकपुड्या वर. मला वाटलं, गरम होत असेल. आणखी मोठं भांडं आणून दिलं. आणि एका सकाळी ते पाणी ओतताना तळाशी मिऱ्याची पूड सांडल्यासारखं काहीतरी दिसलं. बोटावर घेतलं तर ते चालत होतं.

माइट. सापाची गोचीड म्हण. हनुवटीखालच्या घडीत, डोळ्याच्या कडेला, खवल्यांच्या खाली शिरून रक्त पितात. चंपा पाण्यात बसत होती ती त्यांना बुडवण्यासाठी, जीव नकोसा होऊन. वर्तमानपत्राच्या काळ्या अक्षरांत ते काळे ठिपके मला तीन आठवडे दिसलेच नव्हते. रोज कागद बदलत होतो आणि रोज त्यांच्यावरून नजर फिरवत होतो. मादी अंडी सापावर घालत नाही, फळीच्या फटीत, टबाच्या कडेला, लाकडात घालते. उबेत दोन-तीन आठवड्यांत अंड्याचा पूर्ण माइट होतो. म्हणजे साप स्वच्छ केला तरी खोली तशीच राहते. एका टबातून दुसऱ्या टबात ते स्वतःच्या पायांनी चालत जातात. आपल्या बाहीवरून, हातावरून तर सहज जातात.

नवा साप पाचव्या आठवड्यात गेला. शेवटचे चार दिवस तोंड उघडं, डोकं वर धरून श्वास घ्यायचा, आणि ओठांच्या कडेला फेसाचे बुडबुडे. सापाला हात लावेल असा डॉक्टर शोधत मी कोल्हापूर केलं, सांगली केलं. शेवटी एकाने बघितलं, पण तोवर उशीर झाला होता. फुप्फुसाचा संसर्ग होता, तो तिथूनच घेऊन आला होता की माझ्याकडे थंडीत वाढला, कोण सांगणार. चंपा वाचली, पण तिला स्वच्छ करायला मला चार महिने लागले. लाकडी फळी जाळून टाकली. त्या चार महिन्यांत तिने जेमतेम तीनदा खाल्लं. तिचं वजन उतरताना बघणं, दत्तू, ते मला पुन्हा बघायचं नाही.

आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात फाउंड्रीतून ओतीव कास्टिंग आलं की कोणी थेट मशीनवर चढवत नाही. लाल पट्टी लावून वेगळ्या रॅकवर जातं, तपासून झालं की हिरवी पट्टी. हे काम मी बावीस वर्षं करतोय. लोखंडाला मी जी शिस्त लावली ती जित्या जिवाला लावली नाही, ही माझी चूक.

तर आता तो माळ्यावरच्या खोलीत आहे. चंपा खाली, मागच्या खोलीत. दोघांमध्ये एक जिना आणि दोन दारं. साधा प्लॅस्टिकचा टब, खाली पांढरा कोरा कागद, लपायला दोन प्लॅस्टिकच्या कुंड्या उलट्या, पाण्याचं भांडं. बस्स. ना लाकूड, ना नारळाचा भुसा, ना शोभेची वेल. आई म्हणते, तुरुंगात ठेवल्यासारखं दिसतंय. पण पांढऱ्या कागदावर सगळं दिसतं. विष्ठा कशी आहे, तिच्यातला पांढरा भाग घट्ट आहे की पातळ, कुठे काळा ठिपका हलतोय का. त्याचा चिमटा, ब्रश, भांडं, फडकं, सगळ्यांवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. लाल टेपवाली वस्तू जिना उतरत नाही. रोज आधी चंपाचं सगळं करायचं, मग वर जायचं. वरून खाली आलो की थेट न्हाणीत. कपडे वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात. उलट क्रमाने कधीही नाही, कितीही घाई असली तरी.

पहिले सात दिवस मी त्याला हात लावला नाही. पाणी बदललं, तापमान बघितलं, दार लावलं. तुला काय सांगू, जिना चढताना हात शिवशिवायचे. पण प्रवासाने भ्यालेल्या सापाला आपली माया कळत नाही, त्याला फक्त एक मोठं जनावर सारखं डोकावतंय एवढंच कळतं. आठव्या दिवशी उंदीर दाखवला, गोठवलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला. त्याने तोंड फिरवलं. पंधराव्या दिवशीही नाही. बॉल पायथन उपाशी राहण्यात पटाईत असतात हे माहीत असूनही मला झोप लागेना. बाविसाव्या दिवशी रात्री साडेदहाला दिवा मालवून चिमट्याने उंदीर धरला आणि अंधारात हाताला झटका बसला. एवढा आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. मग दोन दिवस खोलीत गेलोच नाही, पचू दिलं. खाल्लेलं उलटून टाकलं तर ते वाईट लक्षण. ते वारंवार व्हायला लागलं आणि पोटाजवळ फुगवटा दिसला तर क्रिप्टो नावाच्या पोटातल्या परजीवीचा संशय घ्यायचा, आणि तो असा चिवट की ब्लीचनेही मरत नाही. आपल्याकडे तसं काही झालं नाही, सुदैव.

आला तेव्हा ४१२ ग्रॅम होता, काल ४३६. दर रविवारी वहीत मांडतो.

थंडीचं मात्र टेन्शन आहे. गेल्या आठवड्यात पहाटे पारा चौदापर्यंत उतरला. त्याला गरम बाजूला बत्तीस, थंड बाजूला सव्वीस अंश हवं. खाली थर्मोस्टॅट लावलेली ऊब देणारी विजेची गादी आहे, पण परवा रात्री दोनला वीज गेली ती पाचपर्यंत आलीच नाही, आणि इन्व्हर्टर तासाभरात बसला. आई उठली. तिनेच चुलीवर पाणी तापवलं, मी बाटल्यांत भरून टॉवेलात गुंडाळून टबाच्या बाहेरून लावल्या, वरून जुनी गोधडी टाकली. पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने बाटल्या बदलल्या. आई खालून विचारायची, "कसा हाय रे त्यो?" वर मात्र आली नाही. तिला मी सांगितलंय की वर यायचं नाही आणि ती ते पाळते. पंचमीला तवा न ठेवणारी, काही न चिरणारी बाई ती. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या पायरीवर वाटीत दूध ठेवलं होतं तिने. साप दूध पीत नाही, त्याला ते बाधतं, हे मी शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "मग पाणी तरी ताजं ठेव." आता रोज सकाळी विचारते, पाणी बदललंस का.

विष्ठेचा नमुना डॉक्टरांकडे देऊन आलो. जंताची अंडी थोडी निघाली. औषध त्यांनी वजन बघून दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आहे. माइट नाहीत. तरी दर चार दिवसांनी ओला पांढरा कागद त्याच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने फिरवतो आणि उजेडात धरून बघतो. तुझ्याकडे कधी माइट दिसले तर घरातला झुरळांचा स्प्रे अजिबात मारू नको, त्यानेच साप मरतो. आधी मला फोन कर.

तू विचारशील, एवढं सगळं ठीक आहे तर आता काय अडचण? अडचण ही की काही आजार महिन्याभरात तोंड दाखवत नाहीत. अजगर-बोआंच्या मेंदूपर्यंत जाणारा आयबीडी नावाचा रोग आहे. त्याच्या मागे आरेनाव्हायरस आहे हे २०१२ साली कळलं. बॉल पायथनना श्वासाचा आजार देणारा निडोव्हायरस २०१४ मध्ये सापडला. आत विषाणू असलेला साप बाहेरून बरेच दिवस ठणठणीत दिसू शकतो. नव्वद दिवस म्हणजे शंभर टक्के खात्री असं डॉक्टरही म्हणत नाहीत, पण बरंचसं तेवढ्यात बाहेर पडतं.

आणि तुझ्या घरी काजू आहे. तू माझ्याकडे वर येणार, त्याला बघणार, तुझा शर्ट टबाला लागणार, आणि रात्री घरी जाऊन तू सवयीने तिला बाहेर काढणार. माझ्या खोलीतलं काही तिच्यापर्यंत गेलं तर मी तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? तसंच तिच्याकडचं इकडे आलं तरी तुला तेवढंच वाईट वाटेल. दुसरं, तुझी धाकटी अजून चार वर्षांची. साप निरोगी असला तरी साल्मोनेला नावाचा जंतू त्याच्या पोटात असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या पोरांना तो फार बाधतो. काजूच्या टबालाही तिला हात लावू देऊ नको, आणि काजूचं भांडं वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धूत असशील तर आजपासून बंद कर. हे मी मागेच सांगायला हवं होतं.

मी हिशेब केलाय. नव्वदावा दिवस ६ मार्चला येतो. मधे जंतांची दुसरी तपासणी नीट आली, त्याने नियमित खाल्लं आणि कात एका तुकड्यात टाकली, तर त्या दिवशी तो खाली येईल. आत्ता त्याचे डोळे दुधाळ निळे झालेत, म्हणजे आठवड्याभरात कात पडेल. ती मी जपून ठेवतो, डोळ्यांवरच्या टोप्या निघाल्यात का ते बघून झालं की पोरांसाठी फोटो पाठवतो. जंत निघाल्यामुळे खरी कात आत्ता द्यायची नाही.

त्याआधी यायचं असेल तर ये की. घर तुझंच आहे. अंगणात बसू, आई मांडे करायचे म्हणतेय, तुझ्यासाठी कुंदाही आणून ठेवतो. फक्त जिना चढायचा नाही, आणि घरी गेल्यावर कपडे बदलल्याशिवाय काजूला हात लावायचा नाही. हे मान्य असेल तर रविवारीच निघ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. तुझ्याकडे जुना थर्मोस्टॅट पडून आहे म्हणाला होतास. तो काजूच्या खोलीत वापरलेला नसेल तरच घेऊन ये. वापरलेला असेल तर राहू दे, मी नवा मागवतो.