खोडद सोडून एवढ्या लांब कशाला

दक्षिण ध्रुव, जुलै

ती. बाबांस व ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, जूनमध्ये तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे मला परवा दादाकडून कळलं. “तिला सांगून काय, ती का उडत येणार आहे?” असं आई म्हणाली म्हणे. खरंय, येता येत नाही. शेवटचं विमान फेब्रुवारीत गेलं. या थंडीत विमानाचं इंधनच घट्ट होतं, त्यामुळे आता ऑक्टोबर संपेपर्यंत कुणी येत नाही की जात नाही.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलं होतंत, आपल्या खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिशा उभ्या असताना दुर्बिणीपायी पृथ्वीच्या टोकाला कशाला जायचं? तेव्हा लाइन तुटली, म्हणून आज सविस्तर लिहिते. विज्ञान दिनाला तुम्ही मला स्कूटरवरून खोडदला नेलं होतं, आठवतं? त्या 45 मीटरच्या डिशा ज्या लहरी पकडतात त्या वीतभरापासून पुरुषभर आणि त्याहूनही लांब. त्यांना आषाढातले ढगसुद्धा अडवत नाहीत. आमची दुर्बीण फक्त 10 मीटरची आहे, पण तिच्या लहरी मोहरीच्या दाण्याएवढ्या. विश्वाच्या अगदी बाळपणी, 1380 कोटी वर्षांपूर्वी, निघालेला तो उजेड आहे आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये हवेतली वाफ तो पिऊन टाकते.

म्हणून कोरडी जागा हवी. आपल्याकडे पावसाळ्यात डोक्यावरची सगळी वाफ पाणी करून खाली उतरवली, तर चार-पाच सेंटिमीटर भरेल. इथे हिवाळ्यात ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही. उंची 2835 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दुप्पट, आणि त्यातला बहुतेक भाग नुसता बर्फ. आज उणे 64 आहे. इतक्या गार हवेत वाफ राहतच नाही, तिचे कण होऊन खाली पडतात. शिवाय मार्चमध्ये मावळलेला सूर्य सप्टेंबरात उगवणार, त्यामुळे हवा रोज तापत नाही, निवत नाही. तारे उगवत-मावळत नाहीत, एकाच उंचीवरून गोल फिरतात. आकाशाचा एकच तुकडा महिनोन् महिने बघता येतो. हे खोडदला कसं जमणार, बाबा? याच पठारावर डोम ए म्हणून 4093 मीटरवर जागा आहे, ती याहून कोरडी. पण तिथे हिवाळ्यात माणूस राहत नाही.

आई, तू वाळवण घालतेस ना, तशी इथली हवा माणसाला वाळवते. ओठ फुटतात, बोटांना चिरा पडतात. तू दिलेला कोकम तेलाचा गोळा दगडासारखा झालाय. रात्री तो मुठीत धरून बसते, कडा जरा मऊ झाली की बोटांना चोळते. खोलीभर तुझ्या कपाटाचा वास येतो. दुर्बीण मुक्कामापासून किलोमीटरभर. अंधारात बांबूला लावलेल्या झेंड्यांच्या ओळीने जायचं. लाल दिवा लावते, कारण पांढरा उजेड आकाश बघणाऱ्या दुसऱ्या यंत्रांना चालत नाही. पापण्या एकमेकींना चिकटतात, हातमोजा धरून सोडवायच्या. काल वाटेत थांबून दिवा विझवला. आकाशगंगा इतकी लख्ख होती की बाबा तुम्ही हवे होतात असं वाटलं.

आता माझंही एक सांगते, मीही लपवलं होतं. मे महिन्यात मुखपट्टी सरकली आणि डाव्या गालाला हिमदंश झाला. रुपयाएवढा काळा डाग पडला होता, आता खपली निघून गुलाबी कातडी आली आहे. डॉक्टर रोज बघतात. फोटो दादाला पाठवलाय, आई, तू स्वतः बघ.

बाबा, जिना चढता येतोय का? रात्री ठणकतं का? टाके कधी काढले? मला येता येणार नाही, तरी सगळं लिहा.

तुमची,
धाकटी