शर्यत आणा, पण अनामत भरून

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

साताऱ्यात माझं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हाच धंदा. त्या नादापायीच 11 फेब्रुवारी 2023 ला हैदराबादला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, बघायला गेलो होतो.

हुसेनसागरच्या काठी रोजच्या रहदारीचा रस्ता अडवून केलेला 2.8 किलोमीटरचा ट्रॅक. इंजिनाचा गडगडाट नाहीच. पंप चालू होताना मोटार बारीक शीळ घालते ना, तीच शीळ, पण कानात घुसणारी, आणि पाठोपाठ टायरांचं किंचाळणं. पूर्ण जोर 350 किलोवॉट! आमच्याकडे येणाऱ्या पाच एचपीच्या नव्वदेक मोटारी एका गाडीत बसल्या म्हणा. वळणावर वेग कमी केला की तीच मोटार जनरेटर होते. शर्यतीत लागणाऱ्या विजेतली 40 टक्के अशी परत मिळते, असं बनवणारे सांगतात. यवतेश्वरचा घाट उतरताना माझ्या विजेवरच्या स्कूटरची बॅटरीही एखाद टक्का चढते. तत्त्व तेच.

तेव्हा मुंबईत नाहीतर पुण्यात ही शर्यत व्हावी, असं मला मनापासून वाटतं. महिंद्राचा संघ 2014 पासून तिच्यात पळतोय, मग आपल्या राज्यात का नको? (साताऱ्यात मात्र नको. राजपथावर दोन चारचाकी समोरासमोर आल्या तरी आमचा अर्धा तास जातो.)

प्रश्न पैशाचा आणि कागदाचा आहे. हैदराबादची पुढची शर्यत 10 फेब्रुवारी 2024 ला ठरली होती. डिसेंबरात सरकार बदललं, जानेवारीत शर्यत रद्द. मंजुरी न घेता आयोजकांना सुमारे 55 कोटी रुपये दिल्याच्या आरोपावरून वर्षअखेरीस तिथल्या लाचलुचपत खात्यानं गुन्हा नोंदवला. खरं-खोटं कोर्ट बघेल. पण शर्यत गेली ती गेलीच.

आता आमच्याकडचं बघा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली आणि आमच्या गावची यात्रा पुन्हा रंगात आली. पण नियम काय? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांचा डॉक्टरी दाखला, धाव 1000 मीटरच्या आत, आणि 50 हजारांची अनामत. ती जमवायला कमिटीची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरली. कुणी पाचशे दिले, कुणी 'सोसायटीचं बिल आल्यावर बघू' म्हणाले. नियम मोडला तर अनामत जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग कोट्यवधींच्या शर्यतीला एवढी तरी शिस्त नको का? सही करायच्या आधी करार मराठीत लोकांपुढे ठेवा. पैसे कोण भरणार, रस्ता किती दिवस बंद, शर्यत मोडली तर कुणाचं किती बुडणार, सगळं त्यात लिहा. विधिमंडळाची मंजुरी घ्या, म्हणजे सरकार बदललं तरी ठरलेलं मोडणं सोपं जाणार नाही.

आणि आयटीआयच्या वायरमन, इलेक्ट्रिशियनच्या पोरांना दोन दिवस पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करतात त्या जागी, उभं राहू द्या. स्टँडमधून मला त्या मोटारीचं झाकणसुद्धा दिसलं नाही.

अर्जाचा नमुना हवा असेल तर आमच्या यात्रा कमिटीकडे आहे. झेरॉक्स काढून पाठवतो.

आपला,
एक मोटार वायंडर, सातारा