पन्नासपर्यंत म्हणता येणं म्हणजे मोजता येणं नव्हे

मा. संपादक,

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की बालवाडीच्या दारात एक प्रश्न हमखास येतो : "टीचर, वर्षअखेरीला शंभरपर्यंत लिहायला येईल ना?" गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवते आहे. असं विचारणाऱ्या आईबाबांचा मला राग येत नाही. मूल पुढे गणितात मागे पडू नये, एवढीच त्यांची काळजी असते. पण त्या काळजीपोटी आपण चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबतो आणि गणित खरं जिथे रुजतं ते वय आकडे गिरवण्यात घालवतो. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट घरी करून पाहा. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला स्वयंपाकघरातून पाच चमचे आणायला सांगा. पुष्कळ मुलं मूठभर चमचे उचलून आणतात. त्यांचे आकडे पाठ केलेल्या गाण्यासारखे असतात. पाच म्हणजे नेमके एवढे, हे अजून उमगलेलं नसतं. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी जो आकडा आला तो सगळ्या वस्तूंचा मिळून, हे मूल हळूहळू कमावतं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यांतली ही तीन. उरलेली दोन अशी की कुठल्याही गोष्टी मोजता येतात, आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. मोठ्यांना वाटतं, यात शिकवण्यासारखं काय आहे? वर्गाबाहेरच्या चपला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोजून दोन्ही वेळा तेवढ्याच भरल्यावर थक्क झालेलं मूल ज्यांनी पाहिलंय, ते असं म्हणणार नाहीत.

आमच्याकडे गणिताचा वेगळा तास नाही. सकाळी आल्याबरोबर प्रत्येक मूल टोपलीतली एक शिंपली उचलतं आणि अंड्यांच्या ट्रेच्या तुकड्यात ठेवतं. तुकडा कापलेला आहे दहा खळग्यांचा, पाचाच्या दोन ओळींचा. एक तुकडा भरला की दुसरा घ्यायचा. अठरा मुलं आली तर एक तुकडा पूर्ण आणि दुसऱ्यात दोन खळगे रिकामे. काही आठवड्यांनी मुलं मोजायचं सोडून नुसतं बघून सांगू लागतात, "एक भरला आणि वर आठ." पहिलीत गेल्यावर दशक आणि एकक शिकवायला आम्ही ज्या अडचणीत येतो, तिची अर्धी वाट इथेच चालून झालेली असते. आणि "दोन जागा रिकाम्या, मग आज कोण नाही आलं?" हा प्रश्न मुलंच एकमेकांना विचारतात. वजाबाकीचं चिन्ह त्यांना माहीत नसतं, पण वजाबाकी होऊन गेलेली असते.

खाऊच्या वेळी ताटल्या वाटायचं काम रोज दोन मुलांकडे. यात मला सगळ्यात जास्त दिसतं. सुरुवातीला मूल एक ताटली ठेवतं, परत येतं, दुसरी नेतं. कमी पडल्या तर हाताला येतील तेवढ्या घेऊन येतं. मग एक दिवस तेच मूल रिकाम्या जागा बघतं, "तिघांना नाही मिळाली" म्हणतं आणि मोजून तीनच ताटल्या आणतं. त्या दिवशी मी त्याच्या आईला थांबवून सांगते. वहीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून सांगावं लागतं.

पोदेर म्हणजे आमचा पाववाला आला त्या दिवशी एखाद्या घरून बांगडीसारखी काकणं येतात, कुणाकडून गोल उंडे, कुणाकडून कातरे पाव. मी म्हणते, याचे गट करा. कुणी भोक असलेले आणि नसलेले असे करतं, कुणी मऊ आणि कडक असे. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोघांनाही "तू असं का केलंस?" हे विचारायचंच. वर्गीकरण म्हणजे कारण देता येणं. चवथीच्या आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांगून टांगायच्या चौकटीसाठी, मुलं घरून काय काय घेऊन येतात : नारळ, सुपारीचा शिपटा, आंबाडे, काकडी, कवंडळं. ते लहानमोठ्या क्रमाने लावताना, कुठलं जड आणि कुठलं नुसतंच मोठं यावर जे वाद होतात, तेच मापनाचे पहिले धडे. अबोलीची फाती, म्हणजे गजरा, विणताना किती फुलांनंतर हिरवं पान येतं हे ज्या मुलीने आजीच्या शेजारी बसून पाहिलंय, तिला आकृतिबंध शिकवायला रंगीत मणी विकत आणावे लागत नाहीत.

घरी कोंकणीत "स, सात, आठ, णव, धा" म्हणणारं मूल वर्गात तसं मोजू लागलं की त्याला मध्येच अडवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचं मोजणं पुरं होऊ द्यावं. मराठी आकडे सोबतच्या मुलांकडून आठवड्याभरात येतात.

हे कुण्या एका शिक्षिकेचं वेड नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघांच्या साथीने ते मुलांच्या अंगणापर्यंत नेलं, तेव्हा साधनं म्हणून शंख, खडे, पानं आणि बियाच वापरल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला. २०२२ मध्ये आलेल्या त्या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नेमू नये असं म्हटलं आहे. गोव्यातही पायाभूत स्तरावर धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. असं असताना बालवाडीच्या दप्तरात तीन तीन वह्या कशा येतात? येतात, कारण पालक मागतात आणि शेजारची शाळा देते. शिक्षिकेला वाटतं, भरलेली वही दाखवली नाही तर आपण काही शिकवलंच नाही असं म्हणतील. या भीतीपोटी ताटल्या बाईच वाटतात, वस्तू बाईच आवरतात, म्हणजे तेवढाच वेळ गिरवायला मिळतो. नेमकं तिथेच मुलांच्या हातातून गणित काढून घेतलं जातं.

शाळा व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की वर्षअखेरीच्या प्रदर्शनात बालवाडीच्या वह्या मांडू नका. त्याऐवजी पालकांना एखाद्या सकाळी तासभर वर्गात बसू द्या आणि हजेरीपासून खाऊपर्यंत मुलं काय करतात ते त्यांना पाहू द्या. शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही मुलाला "शंभरपर्यंत म्हण" असं न सांगता, टोपलीतून सात बिया काढून द्यायला सांगावं. नंतर त्याच बिया लांब लांब पसरून "आता किती?" असं विचारावं. लांब पसरल्या म्हणजे जास्त झाल्या, असं सांगणारी मुलं भरपूर भेटतील. त्यांच्याबरोबर अजून काय करायला हवं, ते तिथल्या तिथे कळेल.

पालकांनो, तुमच्याकडून फार काही नको. बाजारातून आल्यावर पिशवी मुलाला रिकामी करू द्या. जेवायला किती माणसं आहेत ते त्याला मोजायला लावा आणि पाटही त्यालाच मांडू द्या, वेळ लागला तरी. उन्हाळ्यात काजूच्या बिया वेचताना दहा-दहाचे ढीग करू द्या. आणि अंड्यांचे रिकामे ट्रे टाकून देऊ नका, बालवाडीत पाठवा. आम्हाला ते नेहमी कमी पडतात.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका, डिचोली