नॉर्म कोणता, कितवा?

महोदय,

बुद्धिबळाच्या बातम्यांत ‘महिला ग्रँडमास्टर’ आणि ‘ग्रँडमास्टर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. दोन्ही किताब फिडेचेच, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, पण पहिल्याला 2300 रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) आणि 2400च्या कामगिरीचे नॉर्म (एकेका स्पर्धेत गाठायचा ठरावीक दर्जा) लागतात, दुसऱ्याला 2500 आणि 2600. नागपूरची दिव्या देशमुख महिला ग्रँडमास्टर झाली 2021मध्ये; ग्रँडमास्टर झाली ती 28 जुलै 2025 रोजी, जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून.

नॉर्म म्हणजे स्पर्धा जिंकणे नव्हे. ग्रँडमास्टर नॉर्मसाठी साधारण नऊ डावांत किमान तीन प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर हवेत, निम्मे तरी किताबधारी हवेत. प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी रेटिंग 2380 असेल तर नऊपैकी 7 गुण करावे लागतात, 2475 असेल तर 6 पुरतात. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत जवळपास सारख्या गुणांचे खेळाडू आमनेसामने येतात त्या पद्धतीत, पहिल्या एक-दोन फेऱ्यांत कमी रेटिंगवाले समोर आले की ही सरासरी घसरते. कधी तर शेवटची फेरी जिंकूनही नॉर्म हुकतो, कारण तिसरा ग्रँडमास्टर वाट्याला आलेलाच नसतो. सर्वसाधारणपणे असे तीन नॉर्म, मिळून किमान 27 डावांचे.

रेटिंगची शेवटची चढण त्याहून चिवट. एकदा 2400 गाठले की के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा गुणक, 10 होतो आणि रेटिंग पुन्हा खाली आले तरी तो 10च राहतो. 2490 असलेल्याने 2290वाल्याला हरवले तर हाती लागतात 2.4 गुण. बरोबरी झाली तर 2.6 जातात, हरला तर 7.6. खुल्या स्पर्धेतली एक आळसावलेली बरोबरी आधीच्या विजयाची कमाई पुसून टाकते ती अशी.

दिव्याला नॉर्म ‘माफ’ झाले, हा सूरही चुकीचा. महिला विश्वचषक जिंकणारीला थेट ग्रँडमास्टर किताब मिळतो, हा नियमच आहे. तिच्याकडे त्याआधी एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता हे खरे. पण विश्वचषकाच्या वाटेत झू जिनेर, हरिका द्रोणवल्ली आणि तान झोंगयी या मातब्बर प्रतिस्पर्धी होत्या. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल (दीर्घ वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, कोंडी फोडणाऱ्या जलद टायब्रेकचा पहिलाही. दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती भारताची 88वी ग्रँडमास्टर ठरली.

‘नॉर्म मिळवला’ अशी बातमी हाती आली की कोणत्या किताबाचा, कितवा आणि आजचे रेटिंग किती, हे वार्ताहराने विचारून घ्यावे. मुख्य पंचाच्या सहीचे नॉर्म प्रमाणपत्र खेळाडूकडे असतेच. त्यात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे नाव, देश, किताब आणि रेटिंग लिहिलेले असते.

— एक बुद्धिबळ पंच