बंद ठेवलेला ऑक्सिजन प्लांट राखीव राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महासाथीच्या तयारीची कवायत झाली की खाटा किती, व्हेंटिलेटर किती, सिलिंडर किती, ऑक्सिजन प्लांट किती, असे आकडे जाहीर होतात. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभर अशी कवायत झाली आणि १० व ११ एप्रिल २०२३ रोजी पुन्हा झाली. यातली खाट आणि भरलेला सिलिंडर जागेवर ठेवले तरी कामाला येतात. प्लांटचे तसे नसते. तो महिनोन्‌महिने बंद राहिला की आतून खराब होत जातो, आणि बाहेरून मात्र नवाकोरा दिसतो.

१८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. त्याच्या पाच वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जी वस्तू जवळ तयार होत नाही ती ऐन वेळी गाडीने आणणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०२१ च्या त्याच लाटेत कळंब तालुक्यात चोराखळीच्या साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन काढला. पुढे पीएम केअर्स निधीतून देशात बाराशेच्या वर प्लांट मंजूर झाले आणि राज्य सरकार, कंपन्या, देणगीदार यांनी दिलेले त्याहून वेगळे. उभारणीचा वेग खरोखर कौतुकाचा होता. मात्र प्लांट चालवायचा कोणी आणि कोणत्या पैशातून, हा प्रश्न तेव्हाही मागे राहिला आणि आजही मागेच आहे.

हे प्लांट हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतात. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातले पाणी काढतो, फिल्टर तेल आणि धूळ अडवतात. मग ती हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे भरलेल्या दोन टाक्यांत आलटून पालटून जाते. दाबाखाली दाणे नायट्रोजन धरतात आणि दाब सोडला की तो सायलेन्सरवाटे बाहेर टाकतात. उरतो तो साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन, ३ टक्के इकडेतिकडे.

झिओलाइटचा खरा वैरी पाणी. दाणे नायट्रोजन सोडून देतात, पण पाणी एकदा धरले की नेहमीच्या चक्रात ते सुटत नाही. पुन्हा वाळवायचे तर तीनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते आणि रुग्णालयाच्या शेडमध्ये ते होत नाही, म्हणजे टाकीतले सगळे भरणच बदलायचे. प्लांट बंद असताना झडपा नीट बसलेल्या नसतील तर पावसाळ्यातली दमट हवा सायलेन्सरच्या वाटेने आत शिरत राहते. चालू प्लांटमध्ये दगा देतो तो ड्रायर. आपल्याकडे कापूस आणि तूर निघण्याच्या दिवसांत त्याच्या जाळीवर तंतू आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा बसतो. मग उष्णता बाहेर पडत नाही, हवा थंड होत नाही आणि पाणी पुढे सरकते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी साफ करणे, एवढाच त्यावर उपाय आहे. पाणी आपोआप सोडणारी झडप गाळाने तुंबते, म्हणून रोज सकाळी हाताने नळ उघडून पाहावा. कॉम्प्रेसरलगतच्या टाकीतून थोडे पाणी आले तर चालते. ड्रायरच्या पुढच्या नळातून एक थेंबही येता कामा नये. आला तर प्लांट तिथेच थांबवावा आणि वॉर्ड सिलिंडरवर घ्यावा.

सायलेन्सरखालची फरशीही रोज पाहावी. तिथे पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर आतले दाणे एकमेकांवर घासून फुटत आहेत असे समजावे. भरण खाली बसून सैल झाले की असे होते. ही भुकटी झडपांत अडकते, झडपा गळतात आणि शुद्धता आणखी घसरते. झाडूवाल्या मावशींनी ती रोज निमूटपणे झाडून टाकली, तर प्लांटची पहिली तक्रारच पुसली जाते. त्यांनाही हे सांगून ठेवले पाहिजे.

शुद्धता ९० च्या खाली दिसली म्हणून लगेच ‘झिओलाइट गेले’ असे ठरवू नये. पुष्कळ मीटरमध्ये रासायनिक सेल असतो, तो साधारण एक-दोन वर्षांत क्षीण होतो आणि आकडा कमी दाखवू लागतो. मीटरला आधी साधी हवा द्यावी, २०.९ यायला हवे. मग द्रव ऑक्सिजनपासून भरलेल्या सिलिंडरचा वायू द्यावा, ९९ च्या पुढे जायला हवे. तिथेच फरक पडला तर दोष मीटरचा आहे. सेल बदलणे आणि टनावारी भरण बदलणे यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता प्लांट बंद का ठेवले जातात ते पाहू. मिनिटाला १००० लिटरच्या प्लांटला ७५ किलोवॉटच्या आसपासचा कॉम्प्रेसर लागतो. पूर्ण भाराने चालला तर तासाला ६० घनमीटर ऑक्सिजन मिळतो, म्हणजे सात घनमीटरच्या एका जम्बो सिलिंडरइतक्या वायूला साधारण नऊ-दहा युनिट वीज. हे परवडते. पण एरवी रुग्णालयाचा वापर मिनिटाला पन्नास-शंभर लिटर असतो. मग कॉम्प्रेसर बराच वेळ नुसता फिरतो आणि फिरतानाही पाव ते एक तृतीयांश वीज खातो. बिल पाहून कोणीतरी प्लांट बंद करायला सांगतो आणि सिलिंडरची गाडी पुन्हा सुरू होते. सिलिंडरचा खर्च एका खात्यावर, विजेचा दुसऱ्या खात्यावर, त्यामुळे दोन्हींची तुलना कधी होतच नाही. भार कमी असेल तर प्लांट दिवसातून ठरावीक तास चालवावा, बाकी वेळ मॅनिफोल्डवर, म्हणजे एका नळीला जोडलेल्या सिलिंडरांच्या रांगेवर, काढावा, आणि बंद करताना टाक्या कोरड्या वायूच्या दाबाखाली ठेवून झडपा बंद कराव्यात. आठवड्यात एकही दिवस चालला नाही, असे मात्र होऊ देऊ नये.

कधी कधी प्लांट चालू असूनही सिलिंडर संपत राहतात. मॅनिफोल्डच्या रेग्युलेटरचा दाब प्लांटपेक्षा जास्त ठेवला की वॉर्डात आधी सिलिंडरचाच वायू जातो आणि प्लांट नुसता घुरघुरत राहतो. प्लांटचा दाब साडेचार बार असेल तर मॅनिफोल्डचा चारवर ठेवावा, म्हणजे प्लांट पडला तरच सिलिंडर आपोआप हाती घेतील. दोन्ही वाटांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर सिलिंडरचा वायू उलटा प्लांटमध्ये जातो. गळतीचाही हिशेब करून पाहावा. पन्नास खाटांवर प्रत्येकी मिनिटाला एकच लिटर गळत असेल, तर दिवसाला ७२,००० लिटर, म्हणजे दहा जम्बो हवेत जातात. साबणाचे पाणी आणि एक रात्रपाळी, एवढ्यात ही गळती सापडते. मात्र ऑक्सिजनच्या जोडावर तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, त्यातून आग लागते. वॉर्डातही करोना उपचाराच्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे बहुतेक प्रौढ रुग्णांच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९२ ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान राखायची असते. ९९ दिसावे म्हणून प्रवाह वाढवला तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन कमी पडतो.

विजेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. समजा, ऑक्सिजनची साठवण टाकी हजार लिटरची आहे. दाब पाच बारवरून चारवर येईपर्यंत ती साधारण हजारच लिटर वायू देते. वॉर्डात मिनिटाला दोनशे लिटर जात असतील तर हाताशी पाच मिनिटे उरतात. वीज परत आली तरी दाब आणि शुद्धता पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. जनरेटर फक्त शस्त्रक्रियागृहापुरता जोडलेला असेल तर प्लांट बंदच राहणार. ७५ किलोवॉटची मोटर सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून जनरेटर दीडशे-दोनशे केव्हीएचा हवा. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर काढणारी वाहिनी नसेल तर तीच हवा तो पुन्हा आत ओढतो, तेल तापते आणि भर दुपारी मशीन ट्रिप होते.

आरोग्य विभागाकडे आमची मागणी अशी. प्रत्येक प्लांटला तिन्ही पाळ्यांत चालक असावा. वॉर्डबॉयला किल्ली दिली म्हणजे चालक मिळाला असे नाही. वॉरंटी संपण्याआधी झिओलाइट, सेल, फिल्टर आणि ड्रायर धरून देखभाल करार व्हावा आणि त्याचा व विजेचा पैसा जिल्हा नियोजनातून दरवर्षी वेगळा निघावा. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर येथील आरोग्य उपसंचालकांकडे या सुट्या भागांचा साठा असावा, म्हणजे हिंगोलीच्या एका झडपेसाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. चाललेले तास, शुद्धता, दाब आणि त्या दिवशी लागलेले सिलिंडर, या चार रकान्यांची वही प्लांटवर टांगलेली असावी आणि महिन्याची बेरीज जाहीर व्हावी.

कवायतही खरी व्हावी. मॅनिफोल्डवर भरलेले सिलिंडर आणि माणूस तयार ठेवून प्लांटचा मुख्य स्विच पाडावा. जनरेटर किती सेकंदांत उठला, वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवर दाब किती उरला, शुद्धता ९० वर यायला किती मिनिटे लागली, हे घड्याळ लावून लिहावे. एक कवायत रात्री दोन वाजता घ्यावी. सिलिंडर बदलायचा पाना त्या वेळी स्टोअरच्या कुलपात असतो की मॅनिफोल्डला साखळीने बांधलेला, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला तो वापरता येतो का, हेही तेव्हाच पाहावे.

आपले,
ऑक्सिजन यंत्रणेवर काम करणारे तंत्रज्ञ,
लातूर